लेल्यांचा गेम आमच्याकडे होता तेव्हा

मार्च लागला की आमच्या इमारतीतले आवाज बदलतात. संध्याकाळी आवारात चेंडू आपटत नाही. वायफायचे पासवर्ड बदलले जातात. जिन्यात कुणी भेटलं तरी हळू बोलतं, जणू वर कुणीतरी आजारी आहे. बोरिवलीत उन्हाची पहिली झळ आणि बोर्डाची परीक्षा एकदमच येतात, त्यामुळे गरम भिंतीला पाठ टेकली की मला आजही उद्या पेपर आहे असं वाटतं. माझी शेवटची परीक्षा होऊन तीस वर्षं झाली, तरीसुद्धा.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची गौरी एक कापडी पिशवी घेऊन आली. तिचा मुलगा अद्वैत यंदा दहावीला आहे.

"मावशी, हे तुमच्याकडे ठेवाल का? शेवटचा पेपर होईपर्यंत. त्याला सांगितलंय, दुरुस्तीला दिलंय म्हणून."

पिशवीत त्याचा कन्सोल होता. वायरी नीट गुंडाळून रबर लावलेलं.

"आणि खेळलात तरी चालेल हं," असं म्हणून ती स्वतःच हसली. तिला तो विनोद वाटला. विमा कार्यालयात नोकरी करणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई आतल्या खोलीत दोन कन्सोल बाळगून आहे, हे आमच्या इमारतीत फार जणांना ठाऊक नाही. मी सांगत बसत नाही. लोक मग "मुलासाठी घेतलात का?" असं विचारतात.

ती गेल्यावर मी अद्वैतचं यंत्र बाहेर काढून पाहिलं. पांढरं, गुळगुळीत, सुंदर. आणि डिस्क घालायला फटच नाही. ह्या मॉडेलवर माझा राग आहे. गेम विकत घ्यायचा तो हवेतून, आणि विकणाऱ्याने उद्या दुकान गुंडाळलं की गेमही हवेत. डिस्क असली की ती शेजारी देता येते, परत मागता येते, परत मिळाली नाही म्हणून भांडता येतं. ह्या धंद्याच्या बातम्या मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि हल्ली त्या वाचून चहा बेचव होतो. चांगले गेम बनवणारी माणसं गेम खपूनही घरी बसतात. जुनाच गेम नवा रंग देऊन दुप्पट भावाने येतो. घोड्याच्या शेपटीतला केस न् केस वेगळा हलतो, पण त्या घोड्यावरून कुठे जायचं हे कुणी नीट ठरवलेलं नसतं.

जुने गेम फार चांगले होते, असंही मी म्हणणार नाही. बहुतेक वाईटच होते. पण मी यंत्र उलटं करून पाहिलं, आणि स्क्रूंवर चिकटवलेलं ते 'उघडू नये'चं सील दिसलं तेव्हा मात्र मला आई आठवली. आणि चारकोपमधला तो मार्च.

मी तेव्हा आठवीत होते. चारकोपच्या सेक्टरमध्ये आम्हाला छोटं बैठं घर मिळालं होतं, पुढेमागे तशाच घरांच्या ओळी आणि मधे सगळ्यांचा मिळून एक चौक. झाडं नुकती लावलेली, माणसाच्या खांद्याइतकीही नाहीत. त्यामुळे दुपारी सगळा सेक्टर पांढरा दिसायचा. खाडीपलीकडच्या मनोरी गावाकडून वारा आला की ओल्या चिखलाचा आणि सुकत घातलेल्या माशांचा वास यायचा, आणि आई म्हणायची, "आलं बघ मनोरी आपल्या घरी."

माझे बाबा परळच्या गिरणीत विणकर होते. होते, म्हणजे संपापर्यंत. संपाला आता पाच वर्षं झाली होती. सुरुवातीला ते मोर्चांना गेले, मग बैठकींना, मग फक्त नाक्यावर, आणि मग कुठेच नाही. सिंधुदुर्गातून सतराव्या वर्षी आलेला, दोन-दोन लूम एकट्याने सांभाळणारा हा माणूस आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. झोपलेले नसायचे. मला कळायचं, कारण झोपलेल्या माणसाची पाठ अशी ताठ नसते.

घर आईवर चालायचं. ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात जायची. तिथे काय करायची हे मला नेमकं माहीत नव्हतं. 'कंपनीत जाते' एवढंच आमच्या घरात म्हटलं जायचं, तेही कमीच. बाबांसमोर आई कामाचा विषय काढत नसे. सकाळी ती आवाज न करता डबा भरायची, चपला हातात घेऊन बाहेर पडायची आणि दाराबाहेर गेल्यावर घालायची.

आणि रस्त्यापलीकडच्या चार मजली इमारतीत माझी मैत्रीण अनघा राहायची. अनघा लेले. तिचे वडील बँकेत होते. त्यांच्या घरात फ्रीज होता, दारावर पितळी नावाची पाटी होती, आणि गेल्या दिवाळीपासून एक व्हिडिओ गेम होता. तिच्या अमेरिकेतल्या काकाने आणलेला. काळा, जड, पुढे लाकडासारखी दिसणारी पट्टी, वर स्टीलच्या कळा, आणि दोन काळ्या काठ्या, प्रत्येकीला एकच लाल बटण. गेमच्या चौकोनी डब्यांना आम्ही कॅसेट म्हणायचो. आमच्या सगळ्या सेक्टरमध्ये तसलं दुसरं यंत्र नव्हतं. बोरिवलीला एका पार्लरमध्ये मोठी मशिनं होती, पण तिथे मुलींनी जायचं नसायचं.

लेल्यांकडे मला आठवड्यातून एकदा, दोन पाळ्या मिळायच्या. त्या दोन पाळ्यांसाठी मी अनघाचा चित्रकलेचा गृहपाठ करायचे. सगळा. समुद्रकिनारे, बाजाराचे देखावे, सगळं.

त्या मार्चमध्ये अनघाच्या भावाची, श्रीरंगदादाची दहावी होती. लेलेकाकांनी हुकूम काढला की गेम माळ्यावर जाणार. एका मंगळवारी दुपारी अनघा धापा टाकत आमच्या दारात आली. दप्तरात पुस्तकं नव्हती. यंत्र होतं.

"बाबांनी मलाच सांगितलं माळ्यावर ठेव म्हणून," ती म्हणाली. "मी रिकामं खोकं ठेवलं. वैशू, तुझ्याकडे राहू दे. श्रीरंगचा शेवटचा पेपर झाला की मी परत नेऊन खोक्यात घालीन. कुणाला कळणार पण नाही."

"आणि कळलं तर?"

"तर माझी वाट लागली. तू लावू नको हां अजून. मी क्लास करून पाचला येते, मग दोघी मिळून लावू."

ती गेली तेव्हा अडीच वाजले होते. आई कामावर. बाबा भिंतीकडे तोंड करून. आमचा कृष्णधवल टीव्ही कोपऱ्यात, वर आईने विणलेला रुमाल. मी अर्धा तास त्या यंत्राकडे नुसती बघत बसले. अर्धा तासच.

अॅन्टेनाची वायर काढून यंत्राची लावायची, हे मी लेल्यांकडे पाहिलं होतं. अॅडॉप्टरला दोन चपटे दात होते. आमच्या भिंतीतल्या प्लगला गोल भोकं. पण आईकडे एक मल्टिप्लग होता, त्यात चपटे दात बसले. बसले म्हणजे चालेल, असं मला वाटलं. लेल्यांच्या टीव्हीखाली एक लोखंडी डबा गुणगुणत असायचा, तो टीव्हीचा असेल असं मी समजत होते. अनघाही तसंच समजत होती. तो डबा अमेरिकेच्या यंत्राला आपली वीज निम्मी करून द्यायचा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी बटण दाबलं. पडद्यावर क्षणभर राखाडी पट्टे पळाले. मग यंत्राच्या पोटात फट् असा बारीक आवाज झाला आणि वास आला. तो वास मी आजही ओळखेन. जळलेल्या केसांसारखा, पण गोडसर.

बाबा एका उडीत उठले. पाच वर्षांत मी त्यांना इतक्या वेगाने हलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, प्लग ओढला, अॅडॉप्टर चटका बसताच खाली टाकला.

"काय जळला गो? तुका लागला काय?"

मला लागलं नव्हतं. मी रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं: कुणाचं, कुठून आलं, का आलं. बाबा खाली बसले आणि यंत्राकडे पाहत राहिले. आमच्या घरात तोवर आलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ती महाग होती आणि ती आमची नव्हती.

पाच वाजता अनघा आली. मी दारातच तिला म्हणाले, "आमचा टीव्ही बिघडलाय. रविवारी होईल नीट." तिने तोंड वाकडं केलं, "काय यार," म्हणाली आणि गेली. मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं मोठं खोटं.

आई साडेसातला आली. बाबांनी तिला पाणी पिऊ दिलं आणि मग म्हणाले, "लेल्यांका सांगूक व्हया. आत्ताच जाव्या."

आईने पदराला हात पुसले, यंत्र उचलून कानाशी हलवलं, हुंगलं. डॉक्टर पोट दाबून बघतात तशी तिची मुद्रा झाली होती.

"आधी माका बघूक देवा," ती म्हणाली. "मगे काय ता ठरवा."

तिने स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि खालचे स्क्रू काढले. आतून एक हिरवी पाटी निघाली. मी पहिल्यांदाच पाहत होते. शहराच्या नकाशासारखी होती, रस्ते, चौक, छोट्या-छोट्या इमारती. आईने बोट न लावता दाखवलं, "हा बघ, हा कपॅसिटर फुटलाय. आणि हा तीन पायांचा, हा रेग्युलेटर. हाही गेला असणार. बाकीचं वाचलं असेल, नसेलही."

मी आणि बाबा, आम्ही दोघंही पाटीकडे बघत नव्हतो. तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातल्या टेस्टिंगच्या साहेबांना विचारलं आणि एका चिठ्ठीवर सामानाची नावं लिहून आणली. कारखान्यातून एक तार सुद्धा आणता येत नाही, जाताना झडती होते, असं ती म्हणाली. तेही आम्हाला नवीन होतं. सामान लॅमिंग्टन रोडला मिळणार होतं. कोण जाणार? आईला रजा नव्हती. मी लहान.

"आण ती चिठ्ठी," बाबा म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. ते सकाळी गेले ते चार वाजता परत आले. कागदाच्या पुडीत शेंगदाण्याएवढ्या दोन वस्तू आणि हातात एक नवा एलिमिनेटर, म्हणजे आपल्याकडच्या विजेवर चालणारा अॅडॉप्टर. पुडी त्यांनी टेबलावर ठेवली आणि खूप वेळ चपला काढल्या नाहीत.

"परत येताना परळाक उतरलंय," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "गिरणीच्या गेटवर पिंपळ उगवलोहा. बराच मोठो झालो."

आई चहा ठेवायला उठली. कपबशी देताना तिचा हात त्यांच्या खांद्यावर थोडा जास्त वेळ राहिला, असं मला वाटलं. 

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, आईने नाक्यावरच्या रेडिओवाल्याकडून मागून आणलेली सोल्डरिंगची काडी तापायला लावली. पाटावर यंत्राची पाटी. बाबांनी बॅटरी धरली होती, कारण आमच्या खोलीत दुपारीसुद्धा उजेड पुरत नसे. मी पंखा बंद केला. आईने नथ काढून ठेवावी तशी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या.

मग तिचे हात चालायला लागले. मी तिला भाकरी थापताना पाहिलं होतं, कपडे पिळताना पाहिलं होतं. हे हात वेगळे होते. जुना तुकडा तिने दोन श्वासांत उचलला. नवा ठेवला, पाय वाकवले, काडी टेकवली, तार लावली, धुराची बारीक रेघ वर गेली, आणि पाटीवर एक चमकता थेंब बसला. गोल, एकसारखा. दुसरा. तिसरा. ती श्वास कधी घेते आणि कधी धरते हे मला दिसत होतं.

बॅटरीचा उजेड हलला. बाबा पुढे वाकले होते.

"ह्यां तू रोज करतंस?" त्यांनी विचारलं.

"रोज. दिवसभर. दुसरां काय करतंय थंय?"

"माका कधी सांगूक नाय तां."

आईने मान वर केली नाही. शेवटच्या थेंबावर फुंकर घातली आणि म्हणाली, "तुमी कधी इचारलात?"

बाबांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि उजेड पुन्हा हलला नाही. विणकराला हात कळतात. हजारो धाग्यांतला तुटलेला एक ज्याला लांबून दिसायचा, त्या माणसाला समोर काय चाललं आहे हे न कळण्यासारखं नव्हतं. त्याने पाच वर्षं तिकडे पाठ केली होती, एवढंच.

यंत्र चालू झालं. पहिल्याच फटक्यात नाही. आधी चित्र वरवर पळत राहिलं, मग बाबांनी टीव्हीच्या मागची कळ हळूहळू फिरवून ते थांबवलं. आमच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं दिसायचं, आणि अमेरिकेच्या यंत्राचा आवाज आपल्याकडच्या टीव्हीला पकडताच येत नसे. लेल्यांकडेही येत नसे. त्यामुळे माझ्या लेखी व्हिडिओ गेम ही मुकी गोष्ट होती. मला पुढे कळलं की त्याला आवाज होते, संगीत होतं.

ते दहा दिवस. मी आज कुठल्याही गेमचं परीक्षण वाचते, अमुक इतक्या तासांचा खेळ, अमुक इतकं मोठं जग, तेव्हा मला ते दहा दिवस आठवतात. पाच वाजता अनघा यायची, सात वाजता जायची. आमच्या खोलीत टीव्हीपुढे तिघं मावायची नाहीत, म्हणून बाबा उंबऱ्यावर बसायचे. त्यांना विटांचा गेम आवडला. वर विटांची भिंत, खाली एक फळी, मधे चेंडू. पहिल्या दिवशी ते "माका नको, माझा काय काम" म्हणाले. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघींपेक्षा चांगले खेळायला लागले. ते चेंडूकडे बघतच नसत. चेंडू जिथे येणार तिथे बघत. वीट फुटली की तोंडाने "फाट" असा आवाज काढत, आणि अनघा पोट धरून हसायची. "वैशू, तुझे बाबा झकास आहेत," ती म्हणाली. माझे बाबा झकास आहेत हे मला कुणी त्याआधी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःलाही बरेच दिवस तसं वाटलं नव्हतं.

आई कामावरून आली की दारात उभी राहून बघायची. एकदा मी तिला काठी दिली. ती दोन मिनिटं खेळली, हरली, आणि म्हणाली, "आतून जास्त मजेशीर आहे हे."

त्या वाक्यावर मी आयुष्यभर कन्सोल पारखत आले. आतून कसं आहे? उघडता येतं का? बिघडलं तर कुणाच्या हाताला काही करता येईल का? हल्लीच्या यंत्रांत सगळं चिकटवलेलं असतं. बिघडलं की पूर्ण बदला, म्हणतात. बातम्यांत नव्या चिपचे आकडे येतात, पडद्यावर किती ठिपके आणि सेकंदाला किती चित्रं. त्यात मलाही रस असतो, खोटं कशाला बोलू. पण आईसारख्या बाईला ज्यात सुरी घालता येत नाही, ते यंत्र मला पूर्ण माझं वाटत नाही. भाड्याने आणलेल्या भांड्यासारखं वाटतं.

श्रीरंगदादाचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी अनघा यंत्र न्यायला येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "आता जाव्या लेल्यांकडे."

मी म्हणाले, "आता तर चालतंय ना! कशाला सांगायचं? अनघाला मार बसेल."

"दुरुस्त झालां म्हणजे मोडूकच नव्हतां असां होता काय?"

मी आईकडे पाहिलं. ती नेहमी माझ्या बाजूने असायची. ती म्हणाली, "नवा एलिमिनेटर त्यांच्या त्या वीज निम्मी करणाऱ्या डब्यावर लावला तर चालणार नाही, वैशू. त्यांना सांगायलाच हवं. आणि तसं नसतं तरी सांगायला हवं."

मग बाबा आणि मी रस्ता ओलांडून गेलो. यंत्र बाबांच्या काखेत, कापडात बांधलेलं. जिन्यात मी मागे राहायला लागले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरला. मी चौदा वर्षांची होत आले होते, मला लाज वाटली. पण मी तो सोडवला नाही.

लेलेकाका पेपर वाचत होते. अनघाने दार उघडलं, बाबांच्या काखेतलं गाठोडं पाहिलं आणि तिचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. ती मागे सरकून पडद्याआड उभी राहिली.

"बसा, परब," काका म्हणाले.

बाबा बसले नाहीत. जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलले. "साहेब, हे तुमचं यंत्र. पोरींनी खेळायला आमच्याकडे आणलं होतं. आमच्या मुलीच्या हातून जळलं. आता दुरुस्त केलं आहे. चालतं. पण जळलं होतं, ते तुम्हाला माहीत पाहिजे."

लेलेकाकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग यंत्राकडे. त्यांनी ते उलटं केलं, नवा एलिमिनेटर हातात घेऊन पाहिला.

"कुणाकडून करून घेतलंत?"

"माझ्या बायकोने केलं," बाबा म्हणाले. "अंधेरीला कामाला असते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये. हात चांगला आहे तिचा."

चारकोपमध्ये राहायला आल्यापासून बाबांनी दुसऱ्या माणसासमोर आई कामाला असते असं म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी सरळ उभं राहून म्हटलं.

"उत्तम केलंय," लेलेकाका म्हणाले. ते रागावले नव्हते. निदान आमच्यावर नाही. मग मान न वळवता त्यांनी दोनच शब्द उच्चारले, "अनघा, आत."

पडदा हलला.

त्यानंतर अनघा माझ्याशी बोलायची बंद झाली. एप्रिलमध्ये आमची वार्षिक परीक्षा झाली, ती दुसऱ्या बाकावर बसली. मे महिनाभर मी चौकात बसून तिच्या खिडकीकडे बघायचे. करवंदं आली, जांभळं आली, चौकातल्या मुलींनी सागरगोटे काढले, आणि माझी सुट्टी उन्हात पापडासारखी वाळत पडली. एकदा मी बाबांना म्हणाले, "खरं सांगून माझी मैत्रीण गेली." त्यांनी मला समजावलं नाही. माझ्याशेजारी बसून सागरगोटे खेळले. वाईट खेळले.

ते तेव्हा रेडिओवाल्याकडे जायला लागले होते. एलिमिनेटरच्या कॉइलला तार गुंडाळायचं काम. तारेचा फेरा फेऱ्याला चिकटून बसला पाहिजे आणि एकावर एक चढता कामा नये. पुढे बारा-तेरा वर्षं त्यांनी ते केलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. अनघा आली, दप्तर आपटलं आणि बसली. "चित्रकलेची वही आणलीयेस ना?" एवढंच म्हणाली. त्या मार्चबद्दल आम्ही बोललो नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, लग्नांत नाही. गेम पुन्हा आमच्या घरी आला नाही आणि लेल्यांनी तो पुढे कुणाला दिला, मला माहीत नाही.

अनघा आता नाशिकला असते. दर रविवारी चार वाजता आम्ही दोघी कानाला हेडफोन लावून ऑनलाइन खेळतो. एक डोंगराळ बेट आहे, त्यावर आम्ही लाकडं गोळा करतो, घर बांधतो, रात्र झाली की श्वापदं येतात; एक मेली की दुसरीने जाऊन तिला उठवायचं. गेम साधारणच आहे. सर्व्हर कधी बंद करतील याचा नेम नाही, तशी बातमीही मध्ये वाचली. आम्ही ठरवलंय की तोवर घर पूर्ण करायचं.

गेल्या रविवारी मी तिला गौरीच्या पिशवीबद्दल सांगितलं. ती खूप हसली. मग तिने कुऱ्हाडीने एक झाड तोडायला घेतलं.

"वैशू," ती म्हणाली, "तुला अजून वाटतं ना, की तू सांगितलंस म्हणून मी रागावले होते?"

"मग? तू दोन-अडीच महिने बोलली नव्हतीस."

"बाबांनी मला मारलं वगैरे नाही. काही बोललेसुद्धा नाहीत. आठवडाभर काहीच बोलले नाहीत." तिने कुऱ्हाड ठेवली. "मी पडद्यामागे उभी होते ना, तिथून मला फक्त तुमचे हात दिसत होते. तुझा हात तुझ्या बाबांच्या हातात होता. चूक तुझी होती, आणि ते तुझ्याबरोबर आले होते. मला वाटलं, माझ्याबरोबर कोण आलं असतं? श्रीरंग? बाबा? मला एकटीलाच जावं लागलं असतं. त्याचा राग आला मला. तुझ्याशी काय बोलणार होते मी? की तुझे बाबा मला दे?"

अडतीस वर्षं मी त्या मे महिन्याचा अर्थ एका बाजूने लावून ठेवला होता. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना हे सांगता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, ह्याचा मी विचार करत राहिले.

"ए वैशू, मागे बघ," अनघा ओरडली. "लांडगा! अगं बघ ना, मरशील!"

मी बघितलं नाही. चष्मा काढून डोळे पुसत होते. मेले.

"मेलीस ना," ती म्हणाली. "थांब तिथेच. मी येते."